उलट भरलेल्या कांड्या

आईच्या लेस विणायच्या लोडावर चौदा कांड्या होत्या. अकरा कांड्यांवरचा दोरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळलेला होता, उरलेल्या तीन कांड्यांवरचा उलट दिशेने. हे मला सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी दिसलं. त्याचा अर्थ कळला नाही, म्हणून मी ते वहीत लिहून ठेवलं. गावातली पाऱ्याची खाण चालू होती तोवर मी तिथल्या प्रयोगशाळेत पारा मोजला, खाण बंद झाल्यावर नळाचं पाणी मोजलं. एप्रिलमध्ये निवृत्त झाले आणि मोजायला फक्त आई उरली.

आई, अल्बिना, चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी ऑपरेशन सांगितलं होतं आणि या वसंतात आवाज चढवून सांगितलं होतं: मोतीबिंदू कडक होत चाललाय, आणखी एक हिवाळा घालवलात तर मी काही खात्री देणार नाही. त्यांची चिठ्ठी आमच्या पावाच्या डब्यात, पावाखाली होती. तिथे ती हरवणार नाही आणि कुणी वाचणारही नाही, अशी आईची व्यवस्था.

आईचा डॉक्टरांवर विश्वास नसण्याला सबळ कारण होतं. एकसष्ट साली तिच्या रोझाआत्याचं हेच ऑपरेशन झालं. पंधरा दिवस डोकं दोन रेतीच्या पिशव्यांमध्ये धरून ती पडून राहिली, आणि पट्टी काढल्यावर तिला दिवस आणि रात्र एवढाच फरक दिसायला लागला. त्यानंतरच्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, पण डोळ्यांच्या बाबतीत काही सुधारणा झाली असेल हे आईला पटत नव्हतं.

"आंधळी बाई लेस विणते का गं?" मी विषय काढला की ती विचारायची. "तुमच्या त्या लुब्लियानाच्या कॉलेजात पुरावा म्हणतात ना, तो हा. घे टेप आणि मोज."

मी मोजली. खाणकामगारांची संत बार्बरा, तिचा सण डिसेंबरच्या चार तारखेला. त्या दिवशी चर्चच्या वेदीवर जे नवं पांढरं कापड वर्षभरासाठी अंथरतात त्याची किनार आई गेली एकेचाळीस वर्षं विणत होती. यंदाचीही लोडावर चढली होती आणि आठवड्याला अकरा सेंटिमीटर वाढत होती. पाव कापताना आई स्वतःचा अंगठा कापायची, मांजर समजून माझ्या लोकरीच्या टोपीला दूध घालायची, पण लेस अकरा सेंटिमीटर वाढायची. मी आकडा वहीत लिहिला.

न बघता लेस विणता येते का, हे तपासायचं तर आधी मला ती विणता यायला हवी होती. आमच्या गावात साठीची आणि लेस न येणारी बाई मी एकटीच. मी सहा वर्षांची असताना आईने माझ्या हातातून कांड्या काढून घेतल्या आणि म्हणाली, "ही अभ्यास करेल." तेव्हा मला तो मान वाटला होता.

नवशिक्यांचा वर्ग मंगळवारी तीन ते पाच, अग्निशमन बंबाच्या गॅरेजवरच्या खोलीत. शिकवणारी येरित्सा तिशीची, आईच्याच हाताखाली तयार झालेली.

"अल्बिनाबाईंची मुलगी?" तिने माझा अर्ज दोनदा वाचला. "नवशिक्यांत?"

"हो."

"अल्बिनाबाईंना माहीत आहे?"

"त्यांनीच पाठवलं. म्हणाल्या, घरातली लाज घराबाहेर शीक."

वर्गात माझ्याखेरीज लुब्लियानाहून येणाऱ्या दोघी बहिणी होत्या. मनःशांतीसाठी लेस शिकायची असं त्यांचं ठरलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात त्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडल्या.

येरित्साने प्रत्येकीसमोर भुसा ठासून भरलेला एक लोड ठेवला, त्यावर भोकं पाडलेला कागद टाचला आणि चार कांड्या दिल्या. "दोन जोड्या. मधल्या दोन कांड्यांची अदलाबदल केली की फुली. प्रत्येक जोडीत उजवी डावीवरून टाकली की पीळ. अधूनमधून भोकात टाचणी. सगळी लेस एवढीच."

मला हायसं वाटलं. दोन क्रिया, चार कांड्या. तासाभरात माझ्या लोडावर जे तयार झालं ते बघून येरित्सा बराच वेळ योग्य शब्द शोधत राहिली.

"ही... वेणी आहे का?"

"असायला हवी."

"मिलोय्काबाई, चूक झाली की पुढे जायचं नाही. आल्या वाटेने उलट जायचं. आधी पीळ सोडवायचा, मग फुली. आणि उसवलेला दोरा फार केसाळ झाला तर तो कापून टाकायचा आणि कांडी नव्याने भरायची."

कांडी भरणं हा त्या दिवसाचा शेवटचा धडा. कांडी डाव्या हातात, दोरा उजव्या हाताने, घड्याळाच्या दिशेने. उलट भरली तर दोऱ्याचा मूळचा पीळ सुटतो आणि तो तुटतो.

"नेहमी याच दिशेने?" मी विचारलं.

"आपल्याकडे सगळ्यांची हीच दिशा. एक फानीकाकू सोडून. त्या डावखुऱ्या. त्यांच्यासाठी उलट पिळाचा दोरा वेगळा मागवावा लागतो. त्यांची कांडी कुठेही दिसली तरी ओळखू येते."

मी वही काढली आणि त्या तीन कांड्यांपुढे नाव लिहिलं.

फानीमावशी आमची शेजारीण. एकोणऐंशी वर्षांची, आईची साठ वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची प्रतिस्पर्धी. वेदीची किनार एकेचाळीस वर्षं आईकडे राहिली हे तिने आईला कधी माफ केलं नव्हतं. ईस्टरपासून ती चष्मा लावत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, गाजरं खाते. आणि दर मंगळवारी दुपारी ती आईकडे कॉफीला यायची, म्हणजे मी बंबाच्या वर बसून फुल्या घालत असताना. दोन तास घर रिकामं करून देणारी मुलगी दोघींना आयती मिळाली होती.

घरी येऊन मोजलं. उलट भरलेल्या कांड्या पाच.

निष्कर्ष सरळ होता: किनार आई विणतच नाही, फानीमावशी विणतेय. आता फक्त आईच्या तोंडून ते वदवून घ्यायचं आणि पावाचा डबा उघडायचा. पण प्रयोगशाळेतली सवय, की एका नोंदीवर बोलायचं नाही. म्हणून मी आणखी महिनाभर मोजत राहिले. सात. आठ. अकरा. मात्र याच काळात एक गोष्ट जमत नव्हती. फानीमावशीसारखा सराईत हात लागल्यावर लेस भराभर वाढायला हवी होती. ती आठवड्याला अकरावरून सहा सेंटिमीटरवर आली. मी वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. हाताखालच्या मुलींनी असं केलं असतं तर मी त्यांना दिवसभर बोलले असते.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सराव करायची. आई चुलीकडे पाठ करून बसलेली असायची.

"फुली दोनदा घातलीस," ती म्हणाली.

"तू बघितलंस?"

"ऐकलं. टक-टक, टक असं वाजायला हवं. तुझं म्हणजे कुणी जिन्यावरून बटाटे सोडल्यासारखं."

मी खाली बघितलं. फुली दोनदा पडली होती.

"आई, तुला किती दिसतं, खरं सांग."

"तुला लेस येत नाही एवढं दिसतं."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी येरित्साला ताप आला. बहिणी मनःशांतीविना परत गेल्या आणि मी सव्वातीनला घरी आले. स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं ते असं: आई खिडकीपाशी, हातात रिकामा कप. लोडापुढे, आईच्या खुर्चीवर, फानीमावशी. बिनचष्म्याची, नाक कापडाला टेकवल्याशिवाय, सरळ पाठीने.

"फानीमावशी," मी म्हणाले, "तुम्ही आईची लेस विणताय."

ती दचकली नाही. टाचणी काढून ओठांत धरली, मग काढून म्हणाली, "विणत कुठली बाई. उसवतेय."

"काय करतेयस?" हे आईने विचारलं.

माझ्या सगळ्या नोंदी डोक्यात एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या: सहा सेंटिमीटर, केसाळ दोरा, नव्याने भरलेल्या कांड्या. माझा निष्कर्ष साफ चुकला होता. किनार आईच विणत होती.

"तू म्हणालीस, क्रोशाच्या सुईने पट्टीला पट्टीचे जोड तेवढे घेतेयस," आई म्हणाली. "ते बारीक असतात, म्हणून मीच तुला सांगितलं."

"जोड घेतेच. पण जोड घ्यायला खाली काहीतरी धड लागतं ना, अल्बिना."

"किती?"

"काय किती?"

"चुका, फानी. कॉफीतली साखर विचारत नाहीये."

फानीमावशीने माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही. "आज नऊ. आज अजून संपलं नाही. गेल्या मंगळवारी बारा."

"आणि गेल्या वर्षीची किनार? ती तर तू उसवली नव्हतीस. म्हणजे ती बरी होती."

"तेव्हा मला तरी कुठे दिसत होतं?"

"आणि आता गाजरं खाऊन दिसायला लागलं!"

"मार्चमध्ये मी गोरित्साला बहिणीकडे गेले होते ना—"

"तुमची बहीण सहा वर्षांपूर्वी वारली," मी म्हणाले.

"तेच तर. एकानेही विचारलं नाही. असलं हे गाव." फानीमावशीने टाचणी परत खोचली. "तिथल्या दवाखान्यात गेले होते. एका डोळ्याला वीस मिनिटं. दुसऱ्याला महिन्याने आणखी वीस. रेतीच्या पिशव्या नाहीत, काही नाही. संध्याकाळी घरी येऊन बटाटा भरलेल्या झ्लिक्रोफी उकडल्या. पोराने खाल्ल्या आणि म्हणाला, आई, आज मीठ बरोबर पडलंय."

आईचा कप बशीवर आला, पण बशीच्या कडेवर. मी तो सरळ केला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू म्हणायचीस, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणारी बाई आणि मिरवण्यासाठी तोंड रंगवणारी बाई सारखीच. चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून म्हणाली होतीस. सगळ्यांसमोर."

"म्हणाले होते," आईने मान्य केलं. "चांगलं वाक्य होतं."

"होतं ना. म्हणून नाही सांगितलं."

"आणि उसवत बसलीस. उघड सांगितलं असतंस तर किनार तुझ्याकडे आली असती. एकेचाळीस वर्षं त्याचीच वाट बघतेयस."

फानीमावशीने कांड्या खाली ठेवल्या. "ईस्टरच्या रविवारी दोन्ही डोळ्यांनी पहिल्यांदा चर्चमध्ये बसले. समोर वेदीवर तुझी गेल्या वर्षीची किनार. कोपऱ्यातलं फूल असं झालेलं, की..." तिने हाताने काहीतरी दाखवलं. आईला ते दिसलं नाही हे लक्षात आल्यावर हात खाली घेतला. "घरी आले. अशी किनार तुझ्याकडून काढून घेण्यात काय मजा?"

आईचा चेहरा खिडकीकडे होता. तिला खिडकी म्हणजे एक उजळ चौकोन दिसत असणार, एवढा अंदाज मला आता होता.

"मिलोय्का, तुझी ती वेणी आण. वर्गातली."

मी पिशवीतून माझी पहिली लेस काढून दिली. बारा सेंटिमीटर, करडी पडलेली. आईने ती मांडीवर पसरली आणि उजव्या हाताच्या तर्जनीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाचपली. मध्ये दोन ठिकाणी बोट मागे नेलं.

"अठरा."

"येरित्सा सतरा म्हणाली."

"येरित्साला डोळे आहेत. ती बोटं कशाला वापरेल? इथे, टाचणीच्या अलीकडे, पीळ घालायचा राहिलाय."

मी खिडकीशी नेऊन बघितलं. भिंग लावून बघितलं. पीळ राहिला होता.

"आई," मी म्हणाले, "तुला माझ्या अठरा चुका बोटाने सापडतात. मग स्वतःच्या का नाही सापडल्या?"

"स्वतःच्या लेसवर मी बोट कशाला फिरवीन?" ती खरंच चकित झाली होती. "गरजच काय होती?"

मग ती उठली. टेबलाचा कोपरा, खुर्चीची पाठ, मग लोड. फानीमावशी बाजूला झाली. आईने किनारीवर, जिथपर्यंत उसवून झालं नव्हतं त्या भागावर, बोट ठेवलं. टाचण्यांच्या मधून ते हळूहळू पुढे गेलं.

"एक," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "दोन." मग बराच वेळ काही नाही आणि मग, "हे काय आहे?"

"फूल," फानीमावशी म्हणाली.

"हे?"

"असायला हवं होतं."

माझ्या वेणीबद्दल येरित्साला मी नेमकं हेच सांगितलं होतं. आई चारपर्यंत मोजून थांबली. बोट तिथेच राहिलं. टाचणी टोचली असावी, कारण तिने ते तोंडात घातलं आणि तशीच उभी राहिली. चुलीवरची कॉफी उतू गेली. मी ती खाली उतरवली.

"वीस मिनिटं?" तिने बोट काढून विचारलं.

"वीस. मी भिंतीवरचं घड्याळ ऐकत होते."

"दुखतं?"

"तुझ्या बोलण्यापेक्षा कमी."

आई परत खिडकीपाशी आली. बसताना खुर्ची हाताने शोधली आणि या वेळी ते लपवलं नाही.

"फानी, ते फूल उसवू नकोस. टाचण्या तशाच राहू देत. मी केलंय काय, ते मला बघायचंय." मग माझ्या बाजूला, म्हणजे माझ्या आवाजाच्या बाजूला वळून, तिने पावाच्या डब्याकडे हात केला. "चिठ्ठी काढ आणि डॉक्टरांना फोन लाव. सांग, अल्बिना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतेय."