शून्याखाली माझी सही

खोटं तुम्ही बोललात साहेब, आणि सही माझी घेतलीत.

तुमच्या आदेशात लिहिलंय, ‘सदर पाणथळीवर भोरड्यांचा मुक्काम आढळला नाही, सबब पाणकणसं कापून नौकाविहारासाठी जागा मोकळी करावी.’ आढळणार कशा? मी इथला पहारेकरी, पण मोजणीची वेळ ठरवलीत तुम्ही. चार ते पाच. पाचनंतरची नोंद ग्राह्य नाही, हे वहीच्या पुठ्ठ्यावरच चिकटवलंत. भोरड्यांचे थवे येतात सव्वासहाला. दिवस कलल्याशिवाय त्या पाणकणसांच्या दांड्यांवर झोपायला येत नाहीत, तुमच्या कचेरीसारख्या जेवल्याजेवल्या डुलक्या काढत नाहीत. चाळीस दिवस मी रकान्यात शून्य भरलं आणि समासात लिहिलं, ‘सव्वासहाला येऊन बघा.’ समास कोण वाचतो?

चूक माझीही आहे. शून्य खोटं आहे हे ठाऊक असून लिहीत गेलो.

काल सकाळी कापणीचं मशीन आलं. चालवणारा कोण, तर माझाच मेव्हणा.

“दाजी, पाखरांवर एवढा जीव टाकताय, सासरची आहेत का?”

“सासरची असती तर मीच तुला कापायला बोलावलं असतं.”

हसला आणि त्याने मशीन सुरू केलं. त्यालाही पोट आहे.

साडेचारला तुम्ही आलात. मी हात जोडले. “साहेब, पावणेदोन तास थांबा.” तुम्ही गाडीची काच चार बोटं खाली केलीत. “अरे, शून्य तूच लिहिलंस ना?” काच वर. पाचच्या ठोक्याला गाडी गेली. दिवस कलेपर्यंत अर्धी पाणकणसं आडवी झाली होती.

सव्वासहाला त्या आल्या. आधी पाच-पन्नास, मग चारी बाजूंनी. आम्ही मुठीने मोजतो. हात ताठ करून मूठ आभाळासमोर धरायची, एका मुठीआड साधारण शंभर पाखरं. काल एकशे साठ मुठी भरल्या, पुढे हातच भरून आला. थवा रोजच्या जागी उतरला. खाली नुसता चिखल. पुन्हा वर, पुन्हा खाली. तीनदा. शेवटी उरलेल्या अर्ध्यात एकेका दांड्यावर सहा-सात दाटल्या. दांडे वाकले, पाण्याला टेकले, कित्येक भिजल्या आणि ओल्या पंखांनी भांडत बसल्या.

मेव्हण्याने मशीन बंद केलं.

“दाजी, हे शून्य?”

मी वही उघडून समास दाखवला.

“मग सकाळी माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?” त्याने किल्ली काढून माझ्या हातात कोंबली. “उरलेलं उद्या आठला कापायचंय. हरवली म्हणून सांगतो.”

“हरवली नाही. मी घेतली म्हणून सांग. एक खोटं पुरे झालं.”

आज आठला मशीन हललं नाही. दुसरी किल्ली चारपर्यंत पोचेल, असा तुमच्या कचेरीचा निरोप आलाय. पहिली माझ्या खिशात आहे, मला कामावरून काढायचं तर काढून टाका. कालच्या पानावर मी सोळा हजार लिहिलेत. समासात नाही, रकान्यात. वेळ सव्वासहा. ग्राह्य नसेल तर तसं लिहा आणि खाली या खेपेला तुमची सही करा.

नाहीतर मशीन थांबवा आणि आज सव्वासहाला इथे उभे राहा. येताय की नाही? चारच्या आत सांगा.