तापीचं पाणी आणि मिटणारं फूल

रविवारी सकाळी आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग तिसऱ्या मजल्यावरून थेट माझ्या दारापर्यंत आलेली. वरच्या मालतीबाईंच्या घरातलं पाण्यातलं फूल बघायला पोटासाठी इथे गुजरातेत, नवागामात, येऊन वसलेला अर्धा खानदेश लोटला होता. पापी माणूस समोर आला की ते मिटतं म्हणे. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर. चमत्कार म्हटला की मला घरात बसवत नाही.

फूल कसलं? मालतीबाईंच्या मुलाने, वैभवने, खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुकतंच आणून सोडलेलं मशरूम कोरल ते. दगडाला चिकटून राहणारा, मऊ छत्रीसारखा समुद्री जीव. आणल्यावर चार दिवस आक्रसून बसला होता. वैभवची नवी बायको सुवर्णा हिने दिवा मंद केला, पंपाचा झोत दुसरीकडे वळवला, तेव्हा कुठे तो पसरला. मालतीबाईंना त्यात देव दिसला आणि देवापाठोपाठ मगन महाराज आले.

महाराजांची रीत सोपी होती. बाईने टाकीसमोर हात जोडून उभं राहायचं, महाराजांनी तांब्याच्या लोट्यातून तापीचं पाणी टाकीत सोडायचं. तापी आमच्या गावाकडून इथे येणारी नदी, तिच्यावर शंका कोण घेणार? मागच्या रविवारी तीन बायका उभ्या राहिल्या, फूल ढिम्म. सुवर्णा उभी राहिली आणि ते मिटलं.

"समुद्रदेव जूठुं नथी बोलता, बेन," महाराज म्हणाले; देव खोटं बोलत नाही म्हणे. "सुनेला बाहेरची बाधा आहे."

सून आल्यापासून मालतीबाईंचे गुडघे दुखतात, त्याचाही खुलासा झाला. गुडघे आधीही दुखत होते असं मी म्हणालो, तर मीच नास्तिक ठरलो. आज पुन्हा फूल मिटलं तर सुनेला माहेरी धाडायचं ठरलं होतं. आमच्या लेकी आखाजीच्या सणाला हौसेने माहेरी जातात. हिची बॅग मात्र सासूने भरून दाराशी ठेवली होती. वैभव नुसता त्या बॅगेकडे बघत उभा. मला त्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात सुवर्णा पुढे झाली. "महाराज, आज पाणी मी सोडते."

महाराजांनी लोटा मागे घेतला. त्याला सिद्ध हात लागतो म्हणे. मी म्हटलं, तापी तर भुसावळवरून कुणाचाही हात न लागता इथवर येते. लोक हसले आणि त्या हशात लोटा सुवर्णाच्या हातात आला. तिने सासूबाईंना टाकीसमोर उभं केलं आणि बरोबर फुलाच्या डोक्यावर थोडं पाणी सोडलं. बघता बघता फूल आक्रसलं.

मालतीबाईंचा चेहरा उतरला. "माय व! मी काय पाप करं?"

"काहीच नाही, आई. मीही केलं नव्हतं," सुवर्णा म्हणाली. "हा खाऱ्या पाण्यातला जीव. गोडं पाणी अंगावर पडलं की मिटतो. टाकीतलं पाणी आटतं, तेवढं गोडं पाणी मी रोज मागच्या कोपऱ्यात थेंबथेंब सोडते. महाराजांनी बाकीच्यांच्या वेळी त्या कोपऱ्यात सोडलं, माझ्या वेळी याच्या डोक्यावर. तुम्ही सगळे फुलाकडे बघत होता, मी लोट्याकडे."

पाणी कुणाच्या वेळी कुठे सोडायचं, हे महाराजांना समुद्रदेवाने सांगायची गरजच नव्हती. सुनेबद्दलची तक्रार मालतीबाईंनी आधीच त्यांच्या कानावर घातली होती. महाराज चपला शोधायला जे गेले, ते एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात कुणाची तरी घालून पसार झाले.

मालतीबाईंनी स्वतः बॅग उचलून आत नेली. मग टाकीपाशी येऊन हळूच विचारलं, हे परत उमलेल ना? उमलेल, सुवर्णा म्हणाली, फक्त आता कुणी छेडू नका.

मंडळी, चमत्कार खुशाल बघा. पण फूल बघून झालं की लोटा कुणाच्या हातात आहे तेही बघा. कुणाच्या लेकीची बॅग दाराशी ठेवण्याआधी एवढं तरी कराच.