पाठीतली बॅटरी आणि पाहुणे

तीन दिवस ऊन नव्हतं. वरच्या कुरणावर ऑगस्टातही बर्फ पडतं, त्यात नवल काही नाही. मेंढ्यांना फरक पडत नाही, घोड्यांना तर मजाच वाटते. फरक पडतो तो माझ्या नवऱ्याच्या पाठीला.

कुबानच्या कमरेवर, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलेलं आहे. त्याच्या तारा मणक्यात जातात, आणि दुखण्याच्या जागी नुसत्या झिणझिण्या येतात. घोड्यांवरून बकरा ओढायचा आमचा तो उलाकचा खेळ खेळताना कुबान टापांखाली आला होता. तेव्हापासून त्याचा डावा पाय आतून जळायचा. या माणसाला मी तंबूत रांगताना पाहिलंय. यंत्र बसवलं आणि तो उभा राहिला, मेंढ्यांमागे चालायला लागला, माझ्याशी भांडायलाही लागला. मला एवढंच हवं होतं.

पण यंत्राला खायला लागतं. चार्जरची थाळी पट्ट्यानं पाठीवर बांधून बसायचं, आणि चार्जरला वीज द्यायची सोलरच्या पेटीतून. आजवर दोनदा यंत्र पार उपाशी राहून बंद पडलं. दोन्ही वेळा बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी ते जागं केलं. दुसऱ्यांदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बुरुल, तिसऱ्यांदा हे उठणार नाही. पाठ पुन्हा उघडावी लागेल, आणि नवीन यंत्रासाठी तुमचा नंबर कधी लागेल, मी सांगू शकत नाही."

म्हणून ढग आल्यापासून मी दिवा लावला नाही की रेडिओ लावला नाही. कुबाननंही यंत्र बंद करून ठेवलं होतं आणि दात आवळून बसला होता. बंद असलं तरी ते आतल्या आत थोडं थोडं संपतच राहतं. त्या दिवशी सकाळी कुठे पेटीत चार्जर भरण्याइतकी वीज जमली. मी चार्जर लावला, कुबानला म्हटलं, "याला हात लावू नकोस," आणि शिंगरासकट पळालेल्या घोडीच्या मागे गेले.

परत आले तर तंबूपुढे गाडी उभी. दारात मेंढीचं ताजं कातडं पसरलेलं. आत मानाच्या जागी कुबानचे मामा आणि त्यांचे दोन थोराड मुलगे. मामांचं नाव मी घेत नाही. नवऱ्याकडच्या थोरांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसतं. त्यांच्याविषयी बोलायचं तर आम्ही सुना 'उंच टोपीवाले मामा' म्हणतो.

"ये सूनबाई! घोडी सापडली, का तूही तिच्याबरोबर पळाली होतीस?"

"पळून जाईन कशी मामा? तुमच्या भाच्याला घोडीच्या दुधाचा कुमिस कोण ओतून देणार?"

मामा खदखदून हसले. कुबानही हसला. मांडी घालून ताठ बसला होता, आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. तो घाम मी ओळखते.

"बघ तुझा नवरा," मामा म्हणाले. "बिश्केकच्या डॉक्टरांनी काय केलं? माझ्या दुआनं उठला पोरगा! येत्या शरदात उलाकला यालाच पुढे बसवणार."

आणि कुबाननं चक्क मान हलवली. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं नजर चुकवली. यंत्राचं त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. गावात मला बिघडलेला रेडिओ म्हणतील, असं त्याचं म्हणणं. म्हणोत की! मी रेडिओबरोबर संसार करीन.

जेवण झालं. मामांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मुलगे उठले आणि सोलरच्या पेटीपाशी जाऊन त्यांनी आपापले फोन काढून घेतले. मामांचाही घेतला. पेटीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

गोधड्यांच्या चळतीत हात घातला, तर चार्जर तळाशी दडवलेला. रिकामा.

पाहुणे गाडीकडे गेले तसं मी कुबानला दारातच धरलं. "चार्जर काढलास?"

"हळू बोल. पाहुणे आले, दिसला असता."

"आणि वीज?"

"फोन लावू का म्हणाले. नाही म्हणू? मामांना?"

"यंत्राचा रिमोट दाखव."

त्यानं खिशातून काढला. रिकाम्या बॅटरीचं चिन्ह लाल लुकलुकत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ते लाल झालं की उद्यावर टाकू नका.

"उद्या ऊन पडेल," कुबान म्हणाला.

खिंडीवर ढग ठाण मांडून बसले होते. शेजारचे तंबू गेल्याच आठवड्यात खाली उतरले होते. रस्त्यापर्यंत घोड्यावर दिवसभराची वाट, आणि त्याला घोड्यावर बसवणं म्हणजे ताराच तोडणं.

"गाडीवर चार्जर चालतो," मी म्हटलं. "त्याची वायर आहे माझ्याकडे. मी मामांना सांगते."

त्यानं माझं मनगट पकडलं. "एक शब्द बोललीस ना बुरुल, तर याद राख. माझी इज्जत घालवू नकोस."

गाडी सुरू झाली. मी हात सोडवायला झटका दिला. तेवढ्यात त्याच्या पायातून कळ गेली असावी. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्याला आधाराला दाराची चौकट धरावी लागली. मनगट सुटलं.

मी धावले. "मामा! ओ मामा!" गाडीत गाणी ठणाणा लावलेली, आणि मामा स्वतःच चालवत होते, आपली गाडी ते मुलांच्याही हातात देत नाहीत. "मामा! थांबा!" जन्मभर जो तो त्यांना मामा नाहीतर आजोबा म्हणत आलेला, त्यांना त्याचं काय? गाडी ओढ्यात उतरली. पलीकडच्या वळणावर गेली की संपलं.

मी छातीत भरेल तेवढा वारा भरला आणि त्यांचं नावच ओरडले, "सागिनालीऽऽ!"

गाडी ओढ्याच्या मधोमध थांबली.

मामा उतरले, गुडघाभर पाण्यातून चालत आले. मुलगे काचेतून डोळे फाडून बघत होते.

"कोण ओरडलं?"

"मी." आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "त्याच्या पाठीत यंत्र आहे मामा. तो तुमच्या दुआवर नाही, विजेवर चालतो. ती वीज तुमच्या फोनमध्ये गेली. आज भरली नाही तर माझा नवरा पुन्हा रांगेल. मला शिव्या नंतर द्या, आधी गाडी मागे घ्या."

मामा पाण्यातून माघारी फिरले. गाडी मागे आली.

कुबान बाहेर येईना. मामा दारात उभं राहून गरजले, "ये रे बाहेर! माझ्या गाडीची बॅटरी उतरली की भर बाजारात धक्का मारायला लावतो मी लोकांना. मला लाज वाटते का? आणि उलाकचं विसर. मला भाचा हवाय, बकरा काय कुणीही ओढेल."

त्यांनी त्याला स्वतःच्या सीटवर बसवलं. मी वायर सिगारेट पेटवायच्या भोकात घातली, थाळी पाठीला लावली. चार्जर नुसता पीं पीं करत राहिला. यंत्र उत्तर देत नव्हतं. वर सरकवली, खाली सरकवली. थाळी जागेवर ठरेना.

"बाजूला सर," मामा म्हणाले. त्यांनी सदऱ्याखाली हात घालून तो उंचवटा चाचपला. "हे? एवढंसं?" मग थाळी त्यावर दाबून धरली.

पीं पीं थांबली. रिमोटवर पहिली रेघ चढायला लागली. मी तिथेच गवतात बसले आणि रडले.

सूर्य डोंगराला टेकेपर्यंत इंजिन चालू होतं. कुबान माझ्याशी बोलत नव्हता. मग गाडीतून त्याचा आवाज आला, "बुरुल! झिणझिण्या आल्या!" त्यात राग नव्हता.

मामा चुलीपाशी आले. मी उठून उभी राहिले. "चुकले मामा. माफ करा."

ते ओले बूट शेकायला लागले. "माझ्या बरोबरीचे सगळे गेले," ते म्हणाले. "थोरले त्याआधीच गेले. बायको 'अहो म्हातारबुवा' म्हणते. त्या नावानं शेवटची हाक कुणी मारली, आठवत नाही मला. ऐकलं आणि वाटलं, आपल्यातलं कुणीतरी मागे राहिलंय, थांबायला हवं."

मी त्यांच्यापुढे कुमिसचा वाडगा ठेवला.

"नाव पुन्हा घेऊ नकोस," मामा म्हणाले. "लोक काय म्हणतील." मग टोपी सारखी करत गाडीकडे निघाले, आणि वळून म्हणाले, "त्याची बॅटरी संपली, तर मात्र घे."