नाकातलं शिसं

तोल घ्यायच्या दिवशी भाचीला ताप होता, म्हणून तिच्या जागी मामा बोटीत बसला. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

शर्यतीची ती बोट म्हणजे दोन बाजूंना दोन लांब तळ आणि मधे बोगदा. वेग वाढला की बोगद्यात हवा शिरून बोट वर उचलली जाते. पुढचं टोक, म्हणजे नाक, जड राहिलं तर ती पाण्याला चिकटते आणि शर्यत हातची जाते. नाक हलकं राहिलं तर समोरच्या वाऱ्यात मागच्या मागे उलटते, आणि मग शर्यतीचं कोण विचारतो! म्हणून मामाच्या शेडमध्ये एक रीत होती. जमिनीवर गोल पाइप ठेवायचा, त्याच्यावर बोट ठेवायची आणि चालवणाऱ्याने आत बसायचं. खुणेच्या रेघेवर बोट सरळ तोलली की काम फत्ते. बसायची जागा नाकाच्या बाजूला होती; म्हणून चालवणाऱ्याऐवजी त्याच्याहून जड कुणी बसला, तर त्याने आपलं वजन सांगायचं आणि फरकाच्या हिशेबाने नाकात शिशाच्या पट्ट्या भरायच्या.

"वजन?" मामीने विचारलं.

"ब्याऐंशी," मामा म्हणाला.

ब्याऐंशी तो होता, पण स्वतः शर्यती मारायचा तेव्हा. मामीने वर्षभर त्याला उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं होतं आणि तो कोपऱ्यावरच्या बेकरीत त्याची भरपाई करत होता. समोर शेडमधला वेल्डर उभा होता, मामी कौतुकाने बघत होती. आकडा तोंडातून निसटला तो निसटलाच. दोन-चार पट्ट्यांनी काय आभाळ कोसळतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

सरावाच्या सकाळी भाची दोन फेऱ्या मारून काठाला आली. "मामा, नाक हलकं लागतंय. सरळ रेषेत पळवताना बोट ऐकतच नाही."

मामाला आपला ब्याऐंशीचा आकडा आठवला. आणि चोरी पकडली जाईल असं वाटणारा माणूस जे करतो तेच त्याने केलं. आवाज चढवला.

"बोट मी तोललीये. नाचता येईना अंगण वाकडं! भीती वाटत असेल तर तसं सांग, दुसरा कुणी बसवतो."

शेजारच्या बोटींवरची माणसं वळून बघायला लागली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिने हेल्मेट चढवलं आणि बोट परत पाण्यात नेली.

या वेळी तिने इंजिन जीव तोडून पळवलं. तेवढ्यात वारा फिरला. लांबच्या वळणातून बोट बाहेर पडली, समोरून वारा लागला आणि नाक वर आलं. खाली बसलं. पुन्हा वर आलं, आधीपेक्षा जास्त. मामाला बोगद्याच्या आतला रंग दिसला. तो रंग काठावरून कधी दिसू नये.

मामीच्या हातातला, बोटीशी बोलायचा रेडिओ त्याने हिसकावून घेतला. रेडिओला जोडलेल्या काठावरच्या भोंग्यातून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"वेग सोड! हळूहळू सोड! तुझी चूक नाही, माझी आहे. मी ब्याऐंशीचा नाही, ब्याण्णवचा आहे! नाकात शिसं कमी पडलंय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग नाक पाण्यावर बसलं आणि बोट रांगत काठाला आली. मामाला कुणाकडे बघवेना. हसणाऱ्याचा राग यावा, तर तेवढंही तोंड त्याच्याकडे उरलं नव्हतं.

भाचीने हेल्मेट काढलं. "नाक वर आलं तेव्हाच मला वेग सोडायचा होता," ती म्हणाली. "पण म्हटलं, मामा म्हणतोय तेच खरं असेल. मी घाबरटच झाले असेन."

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शर्यत दुपारी होती. काठावरच पाइप मांडला, बोट त्याच्यावर चढवली, आणि या वेळी भाची स्वतः आत बसली. मामीने ब्याण्णवचा हिशेब करून नाकात पट्ट्या भरल्या. वेल्डरने बोटीला लावलेले हात काढून घेतले. बोटीची शेपटी हळूच खाली गेली आणि जमिनीला टेकली.

वेल्डरने पाइप तपासला. पाइप रेघेवरच होता. मग तो मामाकडे बघायला लागला. मामी बघत होती. भाची बोटीतून मान वळवून बघत होती.

"सत्त्याण्णव," मामा म्हणाला.

मामीने खाली वाकून आणखी एक पट्टी उचलली, नाकात ठेवली, आणि बोट सरळ झाली.