जोडी नाही त्याला वहीत जागा नाही

माझ्या थोरल्या दिरांनी आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर त्यांना इंग्रजी शिकवण्याची हौस आली. उथळ पाण्याला खळखळाट फार. पद्धत एकच, शब्द शिकायचा तो विरुद्धार्थी शब्दासकट. वहीत मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा वैरी. ज्याला जोडी नाही त्याला वहीत जागा नाही.

शर्टांच्या कारखान्यात मी नऊ वर्षं उभ्याने धागे कापतेय. चेकरची जागा निघाली. ते बसून करायचं काम, आणि माझे गुडघे आता जाब विचारायला लागलेत. अट एवढीच, की माल परदेशी जातो म्हणून कपड्यातला दोष इंग्रजीत चिठ्ठीवर लिहिता यायला हवा. हे म्हणाले, दादा घरातच आहे की.

चार महिने मी घोकलं. एन्शंट-मॉडर्न, प्रेझेन्स-ॲबसेन्स, परफेक्ट-इम्परफेक्ट. मध्येच शिवण, काज असलं काही विचारलं की भाऊजी तोंड वाकडं करायचे. ही काय विद्या आहे, म्हणायचे. मी वर त्यांना चहा करून द्यायचे, इतकी मी खुळी.

परीक्षेला दहा शर्ट होते. कॉलरवर तेलाचा डाग, उसवलेली बाही, एक काज कमी. बाकीच्यांचे चार होईतो माझे दहा बघून झाले. आणि दहाही चिठ्ठ्यांवर मी इम्परफेक्ट लिहून ठेवलं. सुपरवायझर बाईंनी विचारलं, इम्परफेक्ट म्हणजे नेमकं काय? मी एकेक दोष बोटाने दाखवला.

"तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं," त्या म्हणाल्या, "पण मालाबरोबर तुमचं बोट कसं पाठवू?"

जागा दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एका मुलीला मिळाली.

घरी भाऊजींनी कारखान्यालाच अडाणी ठरवलं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"भाऊजी, डागाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"त्याला विरुद्धार्थी नसतो."

"तो नकोय मला. नुसता शब्द सांगा."

त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, मग चष्मा पुसला, मग पुन्हा चाळली. त्यांना येतच नव्हता. हे मध्ये पडून म्हणाले, मोठ्या माणसाला असं विचारू नये. त्या क्षणी मला दोघा भावांची सारखीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कात्री घेऊन उभी राहिले. शर्टावरचा डाग अजूनही आधी मलाच दिसतो. मी तो त्या मुलीला दाखवते, आणि ती बसल्या जागेवरून चिठ्ठी लिहिते.