वाक्यात उपयोग

"माय वाइफ विल बी अ विडो," मधुकरराव खुर्चीत ताठ बसून म्हणाले आणि शोभाबाईंना कळावं म्हणून लगेच मराठीतही सांगून टाकलं, "माही बायको विधवा होईन."

शोभाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग तशीच सुपात पडली.

"सकाळी सकाळी काय बोलून राह्यले तुम्ही? जिभेले काही हाड हाय का?"

"अवं, वाक्य हाय ते. विडो हा आजचा शब्द. त्याचा वाक्यात उपयोग करा लागते."

"उपयोग कराले मीच भेटली का? तुमच्या ओमप्रकाशजीची बायको टाका त्याच्यात."

"तिले जाऊन किती वर्षं झाले. आता तोच विडोअर हाय. तो शब्द उद्या येईन."

शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. दिवसभर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र देवापुढे दिवा लावताना कुंकवाचं बोट नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबलं. वाक्य असलं म्हणून काय झालं, तोंडातून तर निघालंच होतं.

पुलगावच्या स्टेशन रोडवर मधुकररावांचं भांड्यांचं दुकान होतं. आता ते त्यांचा मुलगा स्वप्निल सांभाळतो. मधुकरराव हयातभर भांड्यांवर नावं कोरत आले. 'यांचेकडून सप्रेम भेट' आणि 'यांचे स्मरणार्थ' यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. दुकान सुटलं आणि दुपार खायला उठली, तेव्हा ते संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या बाकावर जाऊन बसू लागले. तिथे ओमप्रकाशजी नावाचे एक रिटायर बडे बाबू म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवत. शिकवत म्हणजे रोज एक शब्द देत, त्याचा अर्थ सांगत, नमुन्याचं एक वाक्य देत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून आपलं वाक्य म्हणायचं. पुस्तकातलं चालत नसे, मोबाइलमधलं तर नाहीच. ओमप्रकाशजी ते लगेच ओळखत आणि "चोरी का माल" म्हणून खाली बसवत. वाक्य आपल्या घरातलं पाहिजे, हा त्यांचा कायदा. मधुकररावांचं वाक्य आजवर एकदाही चुकलं नव्हतं, याचा त्यांना कोण अभिमान.

आता वाक्यं घरातली पाहिजेत म्हटल्यावर शोभाबाई काही सुटत नव्हत्या. कधी त्या हट्टी असत, कधी बहिऱ्या असत, एकदा तर विहिरीत पडल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना काढलं. घरात विहीर नव्हती ती गोष्ट वेगळी. मग एकदा 'जेनरस' शब्द आला. मधुकररावांनी म्हटलं, "माही बायको मोठ्या मनाची हाय."

शोभाबाईंचा चेहरा फुलला. पोळी तव्यावर तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "खरंच का हो?"

"वाक्य फक्त वाक्य असते, शोभा. त्याच्यात खरंखोटं पाहाचं नसते."

बिचाऱ्या गोंधळल्या. वाईट बोललेलं मनाला लावून घ्यायचं नाही, तर चांगलं बोललेलंही हातून गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा मोठ्या मनाची म्हणाला आणि तेही मोजायचं नाही. इंग्रजी ही भाषाच त्यांना जरा लबाड वाटू लागली.

अशात एके दिवशी 'फरगिव्ह' शब्द आला. झालेल्या अपराधाचा राग मनातून काढून टाकणे, असा ओमप्रकाशजींनी अर्थ सांगितला; दुसऱ्या दिवशी ते गावाला जाणार होते, म्हणून वाक्य तिसऱ्या दिवशी म्हणायचं ठरलं. एरवी मधुकररावांचं वाक्य सकाळच्या चहाआधी तयार असे. दुसऱ्या दिवशी मात्र काही केल्या होईना. सकाळ गेली, जेवण झालं. जेवणातही लक्ष नव्हतं. दुपारी ते अंगणात खुर्ची टाकून बराच वेळ नुसते बसले आणि मग हळूच म्हणाले, "आय हॅव फरगिव्हन माय ब्रदर."

त्याचं मराठी त्यांनी सांगितलं नाही. शोभाबाईंनाच विचारावं लागलं.

"मी माह्या भावाले माफ केलं," ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मधुकररावांना भाऊ एकच. थोरले सदाशिवराव, रोहण्याला राहतात, शेती करतात. आई त्यांच्याकडेच असायची. आई गेली तेव्हा मधुकरराव पुलगावहून निघाले, पण रोहण्याला पोचेपर्यंत चिता पेटलेली होती. भाऊ थांबला नाही. शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. त्या दिवशी जे बोलणं तुटलं ते तुटलंच. स्वप्निलच्या लग्नाला रोहण्याहून कुणी आलं नाही आणि तिकडच्या लग्नाला इथून कुणी गेलं नाही. बोलत होत्या त्या फक्त दोघी जावा. दोन्ही घरचे पुरुष दुपारी घोरायला लागले की इकडून शोभाबाई नाहीतर तिकडून शकुबाई फोन लावत.

वाक्य फक्त वाक्य असते हे शोभाबाईंना पाठ होतं. पण विहिरीत पडायचं वाक्य म्हणताना नवऱ्यानं चष्मा पुसला नव्हता. त्यांना काही उमगेना. शेवटी राहवलं नाही आणि त्यांनी रोहण्याला फोन केला.

"बाई, यायनं मोठ्यायले माफ केलं."

"खरं म्हनतं का शोभा?" पलीकडून शकुबाई म्हणाल्या.

"माह्या कानानं ऐकलं. इंग्रजीत म्हटलं, पन म्हटलं."

शकुबाईंच्या पोटात काही ती गोष्ट राहिली नाही. रात्री ताटावर त्यांनी सांगून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सदाशिवराव स्वतः पुलगावात येऊन उभे राहिले.

फाटक वाजलं. मधुकरराव पेपर वाचत होते. भावाला पाहून पेपर हातातून सुटला. सदाशिवरावांच्या हातात संत्र्यांची थैली होती. शकुबाईंनी दिलेली दिसत होती, कारण त्यांनी ती आपली नसल्यासारखी दाराशी ठेवली. शोभाबाई डोक्यावर पदर ओढून स्वयंपाकघरात शिरल्या. भासरे, म्हणजे थोरले दीर, यांच्याशी भावजयीनं बोलायचं नाही ही त्या घराची रीत. लग्न होऊन आल्यापासून त्या सदाशिवरावांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही सांगायचंच असलं तर ते भिंतीला सांगायचं.

"तू मले माफ केलं म्हने," सदाशिवराव खुर्चीवर न बसताच म्हणाले.

मधुकरराव खाली पडलेला पेपर उचलू लागले.

"कायची माफी, ते सांग. अपराध काय केला मी? माफी त मी कराले पाह्यजे तुले. रातभर झोप नाई मले. बसमधी बी तेच. याले मारावं का याच्या गळ्यात पडावं, समजून नाई राह्यलं."

"भाऊ, ते... ते वाक्य होतं."

"कायचं वाक्य?"

मधुकररावांनी समजावून सांगायला सुरुवात केली. बाक, ओमप्रकाशजी, रोजचा शब्द, चोरीचा माल, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेले तितका सदाशिवरावांचा चेहरा गोंधळत गेला.

"म्हंजे तू माफ नाई केलं?"

"नाई, तसं नाई."

"मंग केलं?"

"तसं बी नाई, भाऊ. वाक्य म्हंजे..."

"माही थट्टा करून राह्यला तू? इतक्या दूर मी वाक्य आयकाले आलो का?" सदाशिवरावांनी टोपी सारखी केली. "वाक्यच होतं त मी चाललो."

मधुकरराव हात चोळत उभे राहिले. थांब म्हणायचं होतं, पण तो शब्द काही निघेना. आज हा माणूस या फाटकातून गेला तर पुन्हा येणार नाही, हे स्वयंपाकघरात शोभाबाईंना लख्ख कळलं. आणि त्या चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, मोठ्यानं म्हणाल्या, "खोटं वाक्य म्हनताना मानूस चष्मा नाई पुसत."

सदाशिवराव दारातच थबकले. रीत त्यांनाही होती. ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "मधू, तिले विचार, कोनं चष्मा पुसला."

"यायनंच पुसला," गंजाला उत्तर मिळालं. "काल दुपारी. जेवले बी नाई धड."

सदाशिवराव परत आले आणि खुर्चीवर बसले. चहा उतू गेल्याचा वास आला.

"थांबला काऊन नाई तू, भाऊ?" मधुकरराव शेवटी म्हणाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला होता, फक्त ज्याला विचारायचा त्याला नाही.

"आभाळ फुटाले आलतं. लाकडं भिजले असते त आई अर्धी राह्यली असती. लोक म्हने पेटवा. मी रस्त्याकडं पाहे आन् आभाळाकडं पाहे." त्यांनी नाक ओढलं. "तू येतो येतो म्हने. आई आठ दिवस पडून होती. बाहीर गाडी वाजली का म्हने, मधू आला. दर गाडीले. ते कोन आयकलं? म्याच न. मले तुहा राग नाई येईन त काय येईन?"

"मले साधा ताप हाय म्हटलं होतं. सीझन होता लग्नाचा. दुकानात..." दर गाडीला आई आपलं नाव घेत होती, हे मधुकररावांना आज कळत होतं. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं आणि या वेळी ते चष्म्यावर ढकलायचंही त्यांना सुचलं नाही.

मग सदाशिवराव म्हणाले, "ते इंग्रजीत काय म्हटलं होतं? म्हन बरं."

"राहू दे आता."

"म्हन. मी तुह्या मागं म्हनतो."

मधुकरराव सवयीनं उभे राहिले, बाकाजवळ राहायचे तसे. "आय हॅव."

"आय हाव."

"फरगिव्हन."

"फर... गिवन." चौथीत शाळा सोडलेल्या जिभेला तो शब्द जड गेला. सदाशिवरावांनी तो पुन्हा म्हटला, मग पुन्हा म्हटला.

"माय ब्रदर."

"माय ब्रदर," सदाशिवराव म्हणाले. "यातला ब्रदर म्हंजे तू न?"

"तू म्हनशीन तवा मी. मी म्हनीन तवा तू."

"बरं हाय," सदाशिवराव म्हणाले आणि सबंध वाक्य त्यांनी एकट्यानं, अडखळत, शेवटपर्यंत म्हटलं. दारातून शोभाबाईंनी चहा पुढे सरकवला. हे शिकणं चाललंय की काय चाललंय, त्यांना समजेना. पण मध्ये बोलावं असं काही ते नव्हतं.

दुपारी जेवून सदाशिवराव परत गेले. "रोहन्याले येजो," एवढंच म्हणाले. मधुकरराव त्यांना बसपर्यंत सोडायला गेले आणि आल्यावर अंगणात बसून राहिले. संध्याकाळ झाली तरी बाकाकडे निघाले नाहीत. दिवेलागणीला फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठाच असतो.

"मधुकररावजी, सब आ गये. 'फरगिव्ह' पर सिर्फ आपका वाक्य बाकी है. फोनपर ही बोल दो."

मधुकररावांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. दाराशी संत्र्यांची थैली होती.

"आज नाई, ओमप्रकाशजी," ते म्हणाले. "मले वाक्यच नाई सुचलं."

"अरे, आपको? आप तो कभी नहीं चूके."

"चुकलो म्हना."

शोभाबाई देवापुढे वात सारखी करत होत्या. नवऱ्याचं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं नुसतं, ते त्यांना आजवर कधी ओळखता आलं नव्हतं. 'वाक्यच नाई सुचलं' हे एक मात्र साफ खोटं होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.