उरलेली चकती

दुकानातल्या व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या बुडाला ती चिकटून बसली होती – पांढऱ्या कागदाची चकती, मधे भोक, करंगळीच्या नखाएवढी. बॅटरीच्या सेलच्या टोकावर ही बसवायची, मग वरून सेल जोडणारी निकेलची पट्टी. चकती बसवायची राहिली तर पट्टी सेलच्या कडेवर घासत राहते, पातळ वेष्टण झिजतं, आणि एक दिवस ठिणगी... पुढचं तिने इतक्या गिऱ्हाइकांना समजावलं होतं की विचार पुरा करायची गरजच नव्हती.

बॅटरीचा पॅक दुरुस्तीला घेतला की जितके सेल तितक्या चकत्या बशीत मोजून ठेवायच्या, शेवटी बशी रिकामी दिसली पाहिजे – एकवीस वर्षांची रीत. परवा बशी रिकामी होती. होती? की नुसतीच पांढरी दिसली – पांढऱ्या बशीत पांढरा कागद, आणि माझ्या डोळ्यांत वर्षभर साचत आलेलं हे धुकं, ज्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चष्म्याने भागणार नाही, आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, काही नाही हो, नंबर वाढलाय...

परवाचा पॅक बुकबाइंडर काकांचा. वीज गेली की काकूंचं श्वासाचं यंत्र त्याच्यावर चालतं. पॅक पलंगाखाली, काकूंच्या अगदी पाठीखाली.

तिने भर दुपारी दुकान बंद केलं आणि जवळजवळ धावतच त्यांचा जिना चढली.

"पॅक उघडून बघायचाय, काका. वीज आहे ना आत्ता?"

"आहे की. पण बिघडलाय कुठे? काल तासभर मस्त चालला."

"बिघडला नाही. माझीच खात्री होत नाहीये."

तिने फरशीवर बसून स्क्रू काढले. दिसण्यावर भरवसा नव्हता, म्हणून पट्ट्यांच्या कडेने नख फिरवत गेली. या बाजूला दहा. पॅक उलटा केला. त्या बाजूला दहा. वीस सेल, वीस चकत्या.

"आहेत ना सगळ्या? झालं तर! उगाच जीव टांगणीला लावलास," काका म्हणाले, आणि काकू नळीआडून हसल्या, "काम हिच्याच हातचं, नि विश्वास हिलाच नाही."

तीही हसली. पण तिची निराशा झाली होती, आणि त्याची तिला लाज वाटली – कारण जिना चढताना ती मनोमन हेच मागत होती की चूक इथेच सापडू दे. इथे सापडली असती तर बसवून टाकली असती, संपलं असतं. आता ती चूक कुणाच्या घरात आहे? वर्षभरात किती पॅक गेले हातावेगळे होऊन – शिवणकामवाल्या बाईंचा, दातांच्या दवाखान्यातला, त्या जुळ्यांच्या आईचा, जिने पाळण्याजवळ पंखा लावायचा म्हणून सांगितलं होतं... आणि कितीतरी, ज्यांची नावंही विचारली नव्हती. ते सगळे आज निवांत आहेत. माझ्या हातांच्या भरवशावर.

"लाव आता झाकण," काका म्हणाले.

तिने झाकण उचललं आणि परत फरशीवर ठेवलं.

"काका, तुम्ही एकदा मोजता?"

त्यांनी चेष्टा केली नाही. चष्मा पुसला, गुडघे सावरत खाली बसले आणि उभ्या आयुष्यात पानं मोजली तशी बोट टेकवत सावकाश मोजू लागले – एक, दोन, तीन... ती ऐकत होती, आणि तिला कळत होतं की काका वीस म्हणाले तरी तिला ते पटणार नाही.